डॉक्टरांनी लिहून दिलेलं उष्टं

डॉक्टर मुजावरांनी ‘उष्टं’ हा शब्द उच्चारला तेव्हा मला आधी वाटलं, गुडघ्यांपाठोपाठ आता माझे कानही गेले.

“सासूबाईंचं उष्टं खायचं,” त्या ओवीला सांगत होत्या. “त्या जेवतील, त्यांच्याच ताटात तुम्ही जेवायचं. पाणी त्यांच्याच ग्लासातलं. सकाळ-संध्याकाळ, न चुकता.”

ओवी माझी सून. तिला सातवा महिना लागला होता. मिरजेच्या त्या दवाखान्यात ती खुर्चीच्या काठावर कशीबशी टेकली होती. पायांवर सूज, डोळ्यांखाली काळं. मनगटावरचा पट्टा थोड्या थोड्या वेळानं आवळायचा, रक्तदाब मोजायचा आणि तो चढलेला असला की बारीक आवाजात कुरकुरायचा. ह्याआधीचं बाळ सहाव्या महिन्यात गेलं, तेही ह्याच पट्ट्याच्या कुरकुरीत. त्यामुळे पट्टा वाजला की घरात सगळेच बोलता बोलता थांबायचो.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “निम्मं शतक सरलं. गाड्या आपल्या आपण चालतात. कंडक्टर म्हणून मी रिटायर झाले तेव्हा माझ्या जागी माणूससुद्धा घेतला नाही. आणि तुम्ही सुनेला सासूचं उष्टं खायला सांगताय?”

“सांगतेय,” त्या म्हणाल्या. त्याही दमलेल्या होत्या. बाहेर बाकड्यांवर ओवीच्याच वयाच्या, तिच्यासारख्याच सुजलेल्या पोरी बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या मनगटांवर पट्टे होते.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मी शास्त्र शिकलेली नाही, पण जन्मभर ठासून भरलेली गाडी सांभाळलीय, त्यामुळे मला ते चटकन कळलं.

दात किडवणारे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दात पोखरला जातो. पण त्याआधी ते साखरेपासून एक डिंक बनवतात आणि त्या डिंकानं दाताला चिकटून बसतात. डिंक नाही तर बिऱ्हाड नाही. कोरांटीच्या पानात हा डिंक बनू न देणारं द्रव्य सापडलं. तीच ती काटेरी, पिवळ्या फुलांची कोरांटी. आमच्याकडे दाढ दुखली की तिची पानं चावायला द्यायचे. प्रयोगशाळेत त्या पानांच्या अर्कानं जंतू मेले, चिकटलेले सुटले, सगळं छान झालं. पण पानाचा रस थुंकला की जातो, आणि लोकांना न जाणारा हवा होता. म्हणून ते द्रव्य दाताच्या कवचालाच कायमचं बांधून टाकलं. मुलाला तिसऱ्या वर्षी एकदा लेप लावायचा, की तो जन्मभर कणाकणानं लाळेत सुटत राहणार.

विहानला, म्हणजे माझ्या मुलाला, मीच कडेवर घेऊन लेपाच्या रांगेत उभी राहिले होते. माझं स्वतःचं तोंड म्हणजे नुसती डागडुजी, कुठं चांदी भरलेली, कुठं टोपी बसवलेली. दाढेच्या ठणक्यानं ड्यूटीवर रडू आवरलेली बाई मी. माझ्या पोराला हे भोगावं लागणार नाही म्हणून त्या दिवशी डेपोत पेढे वाटले होते. आणि खरंच त्या पिढीला दातदुखी ठाऊकच नाही. मिरजेतले दातांचे दवाखाने एकेक करून बंद पडले. एकात आता चहाचं दुकान आहे आणि ती मागं कलणारी खुर्ची मालकानं गिऱ्हाइकांसाठी तशीच ठेवलीय.

भानगड झाली ती जिभेवर. जिभेच्या मागच्या भागात, बारीक खाचांत दुसरे जंतू राहतात, अगदी निरुपद्रवी. आपण पालेभाज्या खातो, त्यांतल्या नायट्रेटचं हे जंतू नायट्राइट करतात. पुढं शरीर त्यापासून एक वायू बनवतं आणि त्या वायूनं रक्तवाहिन्या सैल राहतात. पहिलं काम माणसाच्या शरीराला स्वतःला नीटसं जमत नाही, ते ह्या बिनपगारी मंडळींवर सोपवलेलं असतं. लेपानं कीड उतरवली, पण वीस वर्षं लाळेत झिरपता झिरपता हळूहळू अख्खी गाडीच रिकामी केली. तरण्या अंगाला ते जाणवलं नाही. पोटात बाळ वाढायला लागलं, रक्ताचं काम वाढलं, तेव्हा कळलं की ह्या पोरींच्या रक्तवाहिन्या सैल होतच नाहीत.

“तुमच्या तोंडाला लेप नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “विहानला आहे. ओवीच्या आईनं हौसेनं मोठेपणी स्वतःलाही लावून घेतलाय. ह्या घरात तुम्ही एकट्याच उरलात. ओवीच्या दातांवरचा लेप मी आज खरवडून काढते. त्या रिकाम्या जागेत तुमच्या जिभेवरचे जंतू राहायला गेले पाहिजेत.”

“बाटलीत मिळत नाहीत होय?”

“देऊन पाहिले. टिकत नाहीत. एका घरातल्या, एका पाण्यावरच्या माणसाचे टिकतात. का, ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही.”

“आणि माझी कीड?”

“तीही जाईल. वेगळी काढता येत नाही. पुढंमागं दात किडतील. आत्ता मला दातांची काळजी नाही.”

ओवीनं विचारलं, “आणि दाब उतरलाच नाही तर?”

“तर बाळाला लवकर काढावं लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “फार लवकर.”

घरी येताना आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. तसं आमचं भांडण कधीच झालं नव्हतं, पण भांडायलाही जवळीक लागते. ओवी द्राक्षबागांवर फवारणारे ड्रोन सांभाळायची, घरी यायची, “आई, जेवलात?” विचारायची. मी “हो” म्हणायची. विहान चिपळूणकडं बोगद्याच्या कामावर, शनिवार-रविवारी यायचा. तो आला की आम्ही दोघी त्याच्याशी बोलायचो.

आणि आता हे. उष्टं ह्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा सासूबाईंचा नियम होता, बायकोनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. मी दिवसभर गाडीत उभी राहून यायची, सैपाक करायची, ह्यांचं जेवण होईपर्यंत दाराशी थांबायची. मग त्याच ताटात वाढून घ्यायचं. कडेला ह्यांनी चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा, कढीलिंबाची पानं, बोटं पुसलेला भात. नवरा, आता तो हयात नाही, पण वाईट नव्हता. त्याला त्यात काही वाटायचंच नाही, हेच मला जास्त लागायचं. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात मी नवीन ताटं आणली आणि सांगून टाकलं, आजपासून ह्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाणार नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी मनासारखी केलेली ही एकच गोष्ट. ती मोडायची पाळी माझ्यावरच आली होती, आणि तीसुद्धा सुनेसाठी.

पण पोटातल्या जिवापुढं आपला हट्ट किती. मी राजगिऱ्याची भाजी केली, बीटाची कोशिंबीर केली, भाकरी थापली. एका ताटात वाढलं आणि ओवीला समोर बसवलं. माझ्या बाजूनं भाकरीचा एक तुकडा मोडला, भाजीच्या कडेला लावला, खाल्ला. कोशिंबिरीतला एक चमचा माझ्या बाजूनं घेतला. ग्लास उचलून वरून पाणी प्याले, अर्धं ठेवलं. मग ताट तिच्याकडं सरकवलं.

“घे. झालं उष्टं.”

ओवीनं ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घालून जेवायला लागली. मला तिच्याकडं बघवेना. उठून ओटा पुसत बसले.

मग रोजचंच झालं. तिच्या वाट्याला ताटाचा चांगला, स्वच्छ भाग यावा म्हणून मी फार जपायची. माझं बोट लागलेलं, माझ्या तोंडचं काही तिच्या बाजूला जाऊ द्यायची नाही. मनात म्हणायची, नियम पाळायचा तर पाळू, पण माझी जी दशा झाली ती हिची होऊ देणार नाही. ओवी मुकाट्यानं खायची. पट्टा मात्र कुरकुरतच होता, आता जेवतानासुद्धा. विहान फोनवरून विचारायचा, “आई, देतेस ना?” मी चिडायची. “देते म्हणजे काय! तुझ्या बायकोला विचार.”

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी ओवीच्या जिभेवरून कापसाची काडी फिरवली आणि ती यंत्रात घातली. यंत्रानं जे सांगितलं ते बघून त्या खुर्चीत मागं टेकल्या.

“काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “कीडसुद्धा नाही. जीभ अजून कोरी आहे.” मग माझ्याकडं वळल्या. “उष्टं देताय ना?”

“अगदी नेमानं.”

“खरं सांगा हं.”

मला राग आला. “डॉक्टर, मी फुकट्या प्रवाशाशीसुद्धा कधी खोटं बोलले नाही. बाळाच्या जिवाशी खोटं बोलीन?”

“दाखवा मला,” त्या म्हणाल्या. त्यांनी कॅन्टीनमधून उपम्याची बशी आणि पाणी मागवलं. मी घरी करते तसंच केलं. बशीच्या माझ्या बाजूनं एक चमचा उपमा घेतला, चमचा बाजूला ठेवला, पाणी वरून प्याले आणि बशी पुढं सरकवली.

डॉक्टर बघत राहिल्या. “हे उष्टं?”

“मग काय? ज्या ताटातला एक घास कुणी खाल्ला ते अख्खं ताट उष्टं. ते देवाला चालत नाही, पाहुण्याला वाढता येत नाही. अजून किती उष्टं करायचं?”

“देवाला चालत नाही हे खरंय,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “पण जंतूंना ते कळत नाही हो. त्यांना लाळ लागते. तुमचं उष्टं फक्त धर्मशास्त्रातलं झालं, तोंडातलं नाही.” त्यांना आधी हसू आलं, मग ते मावळलं. “चूक माझीच आहे. सोपा शब्द वापरायला गेले. मला वाटलं, उष्टं म्हणजे काय हे मराठी माणसाला काय सांगायचं.”

एवढे दिवस मी पोरीला नुसती अर्धी भाकरी खाऊ घालत होते.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ओवी म्हणाली.

आम्ही दोघी तिच्याकडं वळलो.

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? आई, जरा नीट तोंड लावा, असं?” तिचा आवाज चिरकला. “तुम्ही इतक्या जपून खायचात. वरून पाणी प्यायचात. मला वाटलं, ह्यांना नाही द्यायचंय. माझ्यासाठी एवढंही करणं ह्यांच्या जिवावर आलंय. आणि हे मागायचं कसं माणसानं?”

“जिवावर आलंय?” मी म्हटलं. मी जे तिच्या मानासाठी करत होते ते तिला माझं तुटक वागणं वाटलं होतं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना “जेवलात?” आणि “हो” ह्यापलीकडं काही बोललोच नव्हतो, तर तिला दुसरं काय वाटणार! मला तिची इतकी दया आली, आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की मी तिथंच रडायला लागले. पट्टा कुरकुरला. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि म्हणाल्या, “पुढच्या तपासणीपर्यंत थांबते. त्यापुढं मला थांबता येणार नाही.”

घरी आल्यावर मी ताट वाढलं. काय करायचं ते डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं होतं. घास तोंडात घोळवायचा, जिभेवर फिरवायचा आणि मग द्यायचा. मी भाजी-भाताचा घास तोंडात घेतला, घोळवला आणि गिळून टाकला. दुसरा घेतला, तोही गिळला. घास बाहेर काढायला हात तोंडाशी जाईचना. चघळलेला घास कुणाच्या पुढ्यात ठेवायचा ह्या विचारानंच माझ्या अंगावर काटा येत होता.

“ओवी,” मी म्हटलं, “तुला एक सांगायचंय.” आणि मी सांगायला लागले. सासूबाई, दाराशी थांबणं, शेवग्याच्या शेंगा. हे मी विहानलाही कधी सांगितलं नव्हतं. ओवी ऐकत होती. मध्येच तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“आई, हे सगळं मी ऐकेन. बाळ झाल्यावर निवांत बसून ऐकेन. तुमच्या सासूबाईंना दोघी मिळून शिव्याही घालू. पण आत्ता मला भूक लागलीय.”

“तुला नाही का गं काही वाटत?”

“वाटतं की. आत्ताच ढवळतंय.” ती थकल्यासारखी हसली. “पण तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. मी मागतेय. द्या.”

मी घास घेतला. घोळवला. चमच्यावर काढला. तिनं डोळे मिटले, घास घेतला, गिळला आणि तोंडावर हात दाबून तशीच बसून राहिली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो आणि मग तिला हसू फुटलं, मलाही फुटलं. पोटाला धरून हसताना ती म्हणाली, “मीठ कमी आहे.”

“मग आधी बोलायचं की!” मी म्हटलं.

पुढच्या वेळी काडीवर माझी बिनपगारी माणसं सापडली, थोडी पण जिवंत. डॉक्टर मुजावरांनी मला यंत्राच्या पडद्यावर दाखवली, बारक्या बारक्या काड्यांसारखी. एवढ्यानं जादू झाली नाही. गोळ्या होत्या, पथ्य होतं, पालेभाज्या खाऊन खाऊन ओवीला हिरव्या रंगाचा वीट आला होता. पण दाब हळूहळू उतरला. पट्टा कधी गप्प झाला ते आमच्या लक्षातही आलं नाही, एके दिवशी विहाननंच विचारलं, “हा बिघडला की काय?” मुलगी झाली ती दिवस भरल्यावर. तिचं रडणं ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात बसकण मारली आणि मला उठवायला दोन माणसं लागली.

त्यानंतर डॉक्टर मुजावर नव्या सासवांना माझ्याकडं पाठवायला लागल्या. मी सांगायची, बाई गं, ताट उष्टं झालं म्हणून भागत नाही. काही जणी समजायच्या, काही जणी नाक मुरडायच्या. एकीनं तर सुनेला उष्टं द्यायला आनंदानं होकार दिला, तिचा तो आनंद मला आवडला नाही. तिच्या सुनेला मी बाजूला घेऊन विचारलं, तुला चालतंय का? नसेल तर माझं घे. डॉक्टर म्हणाल्या, तसं टिकत नाही. मी म्हटलं, पोरीला नाही तरी म्हणता यावं की.

मुलगी बसायला लागली तेव्हा एका सकाळी ओवीनं खोलीतून हाक मारली, “आई, माझ्या तोंडात काहीतरी ठणकतंय. हाड मोडलं असेल का?”

मी तिचं तोंड उघडून बघितलं. मागच्या दाढेवर काळा ठिपका होता. तिच्या पिढीत कुणाला न झालेली गोष्ट तिला झाली होती, आणि ती माझ्याकडून गेली होती. दात दुखतो म्हणजे नेमकं काय होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. मी तिला लवंग दाबून धरायला दिली. सांगलीत एक म्हातारे दंतवैद्य होते, त्यांना फोन केला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दोनदा विचारलं, “नक्की किडलीय ना?”

पण ते दुसऱ्या दिवशी बोलावत होते आणि त्याच दिवशी घरात मुलीचं उष्टावण होतं, म्हणून जाणं पुढं ढकललं. ओवीचा भाऊ इचलकरंजीहून आला होता. त्यानं अंगठीवर खिरीचा थेंब घेऊन भाचीच्या ओठाला लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलीला आणखी हवी होती, ती हात नाचवायला लागली. ओवी सुजलेला गाल घेऊन बसली होती. एका हातानं गाल धरून तिनं दुसऱ्या हातानं वाटी ओढली.

मी उकळून ठेवलेला चमचा आणायला उठले. नवीन लेप निघालाय. हा झिरपत नाही म्हणतात. तिसऱ्या वर्षी मुलीला तो लावायचा की नाही ह्यावर घरात रोज चर्चा चालते. विहान लावू म्हणतो, मी गप्प बसते. पण तोवर तिचं तोंड स्वच्छ राहावं, माझी कीड तिच्यापर्यंत पोचू नये, एवढं मला मनापासून वाटत होतं. दाढेचा ठणका काय असतो ते त्या घरात मला माहीत होतं, आणि कालपासून ओवीला.

मी चमचा घेऊन वळले तर ओवीनं हातातल्या चमच्यानं खीर घेतली होती आणि तो तिच्या तोंडात होता, अख्खा. तिनं खीर जिभेवर फिरवली, दुखऱ्या बाजूला लागली तसा चेहरा कसानुसा केला आणि चमचा मुलीच्या तोंडाकडं नेला.

“अगं, काय करतेस!” मी ओरडले. “दात किडतील पोरीचे!”

“किडू देत,” ओवी म्हणाली. “जीभ तरी कोरी राहणार नाही. दुखले की तुमच्याकडंच पाठवीन.”

मुलीनं तोंड उघडलं आणि चमचा घट्ट धरून ठेवला. मी हातातला चमचा ओट्यावर ठेवून दिला.